मथळ्यात अंश, अभ्यासात छेद

जानेवारी २०२५मध्ये गियाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराच्या बातम्या पुण्यातल्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गावापुरत्या राहिल्या नाहीत. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात दगावलेल्यांमध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या पिंपळे गुरवचाही एक रुग्ण होता. साहजिकच परिसरात घबराट पसरली आणि रोज सकाळी नवा आकडा शोधला जाऊ लागला. साथरोगतज्ज्ञ मात्र त्या आकड्याखालचा छेद आधी विचारतो: इतके रुग्ण, पण किती लोकांमागे?

जगभरात जीबीएस लाखामागे वर्षाला साधारण एक-दोघांना होतोच. २०११च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सतरा लाखांवर होती. म्हणजे साथ नसतानाही शहरात वर्षाकाठी वीस-तीस रुग्ण निघू शकतात. शिवाय साथीचा संशय पाण्यावर होता, आणि सिंहगड रस्त्याच्या नळाला खडकवासल्याचे पाणी, तर पिंपळे गुरवला मुख्यतः पवनेचे. म्हणून इथला रुग्ण त्याच साखळीतला की वेगळा, हे विचारूनच ठरवावे लागते. पायाला मुंग्या नेमक्या कोणत्या दिवशी आल्या? आधीच्या पंधरवड्यात जुलाब झाले होते का? पाणी नळाचे, टँकरचे की विहिरीचे? घरात आणखी कोणाला त्रास झाला? हे काम कंटाळवाणे दिसते, पण साथीचा उगम सापडतो तो यातूनच.

या चिकाटीचे मोठे उदाहरण पिंपळे गुरवपासून जवळच, भोसरी एमआयडीसीत घडले. १९९२मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नारी’त, डॉ. रमण गंगाखेडकरांनी उमेदीची वर्षे घालवली. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आलेला हा डॉक्टर. एड्स हा वेश्यावस्तीचा आणि ट्रकचालकांचा रोग, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यातल्या ३९१ जणी वेश्याव्यवसायात नव्हत्या. बहुतेक विवाहित, नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध नसलेल्या. तरीही त्यांच्यातल्या १३.६ टक्के जणींना एचआयव्हीची लागण झालेली होती.

१९९७मध्ये हा शोधनिबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. ज्या बायकांना कोणी मोजतच नव्हते, त्यांना मोजणीत धरताच रोगाचे चित्र पालटले. धोका उंबऱ्याच्या आत होता. घरातली बाई सुरक्षित नाही हे एकदा मान्य केल्यावर गरोदर मातांची तपासणी आणि बाळाला होणारी लागण रोखणे हे ओघाने आलेच.

देशाला हा माणूस दिसला तो २०२०च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या रोजच्या पत्रकार परिषदांत, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) वतीने शांतपणे उत्तरे देताना. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण माझ्या मते त्यांची खरी कमाई दवाखान्यातल्या त्या तीन वर्षांची आहे.

हृदयरोगतज्ज्ञ होऊ पाहणारी मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत. साथरोगतज्ज्ञ जिथून घडतात त्या सामुदायिक वैद्यकशास्त्राकडे आवडीने जाणारी विरळा, कारण त्यात ना दवाखान्याची पाटी, ना कमाईची हमी. हे बदलायचे तर महापालिकांनी साथरोगतज्ज्ञाला कायमची जागा, पुरेसा पगार आणि स्वतःचे पथक दिले पाहिजे, तेही साथ नसताना. साथ आल्यावर नेमलेल्या माणसाकडे आदल्या वर्षीची नोंद नसते, आणि त्या नोंदीवाचून वाढलेला आकडा ही साथ की नेहमीचे प्रमाण, हे कोणालाच सांगता येत नाही.