बोर्डाखालची मुशी

१० मे २०१७. कॅलिफोर्नियात डाना पॉइंटजवळच्या कॅपिस्ट्रानो किनाऱ्यावर काही मंडळी पॅडलबोर्डवर उभी राहून निवांत वल्हं मारत होती. डोक्यावर ऑरेंज काउंटीच्या शेरीफचं हेलिकॉप्टर आलं आणि भोंग्यावरून सूचना झाली: तुमच्या आसपास अंदाजे पंधरा ग्रेट व्हाइट शार्क आहेत, शांतपणे पाण्याबाहेर या. सगळे बाहेर आले. कोणाला खरचटलंही नाही. त्या सूचनेची चित्रफीत मात्र जगभर फिरली आणि पॅडलबोर्ड म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या लाखो लोकांच्या मनात बोर्ड आणि शार्क यांची जोडी कायमची बसली.

खरी गंमत पुढे आहे. त्याच किनारपट्टीवर कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, लाँग बीच इथल्या ख्रिस लो आणि पॅट्रिक रेक्स यांच्या गटानं २०१९ ते २०२१ अशी दोन वर्षं २६ किनाऱ्यांवर ड्रोन उडवले. शेकडो उड्डाणं झाली. सांता बार्बरा आणि सॅन डिएगो परिसरात जिथं ग्रेट व्हाइटची पिल्लं जमतात, तिथं पाहणीच्या ९७ टक्के दिवशी माणसं आणि शार्क एकाच पाण्यात होते. पोहणारे, सर्फवाले, पॅडलबोर्डवाले, सगळे. खाली शार्क फिरतोय याचा बहुतेकांना पत्ताही नव्हता. २०२३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. हेलिकॉप्टरवाल्यांना त्या दिवशी दिसलं ते त्या किनारपट्टीवरचं नेहमीचंच दृश्य होतं. फरक इतकाच की त्या दिवशी कोणीतरी भोंगा वाजवला.

बुलढाण्यात बसून हे सगळं कशाला, असा प्रश्न रास्त आहे. आमच्यापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटर लांब. मासा म्हटला की आमच्यापुढे येतो तो धरणातला रोहू, कटला, नाहीतर मरळ. पण चिखली-खामगावची पोरं आता दिवाळीच्या सुट्टीत तारकर्ली-देवबागला जातात, कर्ली नदीच्या खाडीत बोर्डावर उभं राहून फोटो काढतात. गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर पतंगाला लटकून लाटांवरून उडणारे काइटसर्फर पाहतात आणि आपणही शिकावं म्हणतात. घरून एकच फोन येतो: ‘तिथं ते शार्क-बिर्क नाहीत ना रे बाबा?’ पोरगं हसतं आणि फोन ठेवतं. मला वाटतं, आईचा प्रश्न बरोबर आहे, फक्त तो चुकीच्या पाण्याबद्दल विचारला जातो.

आधी विंडसर्फिंग, काइटसर्फिंग आणि पॅडलबोर्ड ही तीन वाहनं समजून घेऊ, कारण शार्कशी गाठ पडण्याच्या तिन्हींच्या तऱ्हा वेगळ्या. विंडसर्फिंगमध्ये बोर्डालाच शीड जोडलेलं असतं. १९८४ पासून ते ऑलिंपिकमध्ये आहे. काइटसर्फिंगमध्ये वीस-पंचवीस मीटर दोरीवरचा मोठा पतंग माणसाला ओढतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन्ही खेळ फॉइलवर झाले. फॉइल म्हणजे बोर्डाखाली खोल गेलेलं पातं. वेग आला की बोर्ड पाणी सोडून वर उचलला जातो आणि ताशी पन्नास किलोमीटरच्या वर सहज जातो. पॅडलबोर्ड या दोघांचा संथ भाऊ. वारा नाही, शीड नाही, हातात एक लांब वल्हं, एवढंच.

संथ असल्यामुळेच पॅडलबोर्डवाल्याला शार्क सगळ्यात जास्त दिसतात. तो उभा असतो, त्याचे डोळे पाण्यापासून पाच फूट वर असतात. बसलेल्या माणसाला पाण्यावर आभाळाची चकाकी दिसते. उभ्या माणसाची नजर जरा सरळ खाली जाते आणि तळाची वाळू दिसू लागते. त्या वाळूवरून एखादी काळी सावली सरकताना दिसली की पोटात गोळा येतो. पण ती सावली आधीही तिथंच होती. काइटसर्फरच्या खालून दहा शार्क गेले तरी त्याला एकही दिसत नाही, तो पुढच्या क्षणी शंभर फूट पुढे असतो. त्याची धोक्याची वेळ निराळी. वारा पडला, पतंग पाण्यात कोसळला, बोर्ड पायातून निसटला, की हा गडी किनाऱ्यापासून दूर पाण्यात लटकलेला. पतंग पुन्हा उठवून त्याच्या ओढीनं अंग पाण्यातून खेचत बोर्डापर्यंत जायचं, याला ते ‘बॉडी ड्रॅग’ म्हणतात. तेवढी मिनिटं तो खेळाडू नसतो, पाय हलवणारा एकटा पोहणारा असतो. विंडसर्फरचंही तेच; पडला की आधी शीड उचलायचं.

३ फेब्रुवारी २०१० रोजी फ्लोरिडातल्या स्टुअर्ट इथं नेमकं असंच झालं. एक काइटसर्फर किनाऱ्यापासून पाव मैलावर पाण्यात पडलेला असताना शार्कनी त्याला चावे घेतले. किनाऱ्यावरचा जीवरक्षक बचावाच्या बोर्डावर आडवा पडून, हातांनी पाणी कापत त्याच्यापर्यंत गेला. भोवती शार्क फिरत होते. त्यानं त्या माणसाला बोर्डावर ओढून घेतलं आणि तसाच किनाऱ्याला आणला. तो वाचला नाही. या प्रकरणात सगळे शार्कबद्दल बोलतात; मला तो जीवरक्षक विसरता येत नाही. शार्क भोवती असतानाही तो त्याच पाण्यात एका फळीवर होता. डिसेंबर २०२३ मध्ये बहामात नासाऊजवळ एक अमेरिकन पर्यटक महिला पॅडलबोर्डवर असताना अशीच गेली. लग्नानंतर लगेचचा तो प्रवास होता.

अशा घटनांची नोंद फ्लोरिडा विद्यापीठाच्या संग्रहालयातली ‘इंटरनॅशनल शार्क अटॅक फाइल’ ठेवते. तिची सुरुवात १९५८ ची. तिच्या हिशेबात २०२३ साली जगभरात माणसानं काही खोडी न काढता झालेले चावे ६९, त्यांत १० मृत्यू. २०२४ साली ४७ आणि ४. सगळ्या पृथ्वीवर, सगळ्या समुद्रांत मिळून. आपल्या देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात, आणि त्यांतली बहुतेक विहिरी, तळी, कालवे आणि नद्यांत. हे आकडे शेजारी ठेवले की भीतीचा पत्ता किती चुकलाय ते दिसतं.

तरीही चावे होतात, मग का होतात? सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या लॉरा रायन यांनी याचा चांगला छडा लावला. टारोंगा प्राणिसंग्रहालयातल्या टाकीच्या तळातून वर कॅमेरा रोखून त्यांनी सील, समुद्रसिंह, पोहणारी माणसं आणि बोर्डावर पालथं पडून हात मारणारी माणसं टिपली. मग ग्रेट व्हाइटच्या पिल्लांच्या डोळ्यांची कुवत लक्षात घेऊन ती चित्रं तपासली. उत्तर आलं की त्या वयाच्या शार्कला खालून पाहताना सील आणि बोर्डवाला यांत आकारावरून वा हालचालीवरून फरक कळायचा नाही. शार्कला रंग फारसे उमगत नाहीत, बारकावेही नाहीत. उजळ पाण्यावरची काळी आकृती दिसते. २०२४ साली त्याच गटानं दक्षिण आफ्रिकेत मॉसेल बेला सीलच्या आकाराच्या प्रतिकृती बोटीमागून ओढल्या, त्यांच्या पोटाला दिवे लावले, आणि ग्रेट व्हाइटनी त्यांवर झडप घालणं बरंच कमी केलं. सावलीच मोडली की सावजही मोडतं. उद्या कोणाच्या बोर्डाच्या बुडाला दिव्यांची माळ लावलेली दिसली तर ती दिवाळीची समजू नये.

आता महाराष्ट्र. आपल्याकडे बोर्डावरच्या माणसाला शार्कनं धरल्याची घटना माझ्या वाचनात नाही. पण १३ फेब्रुवारी २०२४ रोजी पालघर जिल्ह्यात, मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे पकडायला उतरलेल्या एका तरुणाच्या डाव्या पायाला शार्कनं गंभीर चावा घेतला. मनोर म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचं गाव. समुद्राची लाट तिथं दिसत नाही, भरती मात्र पोचते. तो शार्क नंतर मेलेला सापडला. बुल शार्क निघाला, मादी होती आणि पोटात पिल्लं होती, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं. या जातीची मादी पिल्लं घालायला खाडीच्या गढूळ, निमखाऱ्या पाण्यातच येते. मोठे शार्क तिथं येत नाहीत, पिल्लं वाचतात. थोडक्यात ती तिच्या जागी होती, आणि तो तरुणही त्याच्या जागी होता. पाणी इतकं गढूळ की दोघांपैकी कोणालाच दुसरा दिसला नसावा.

म्हणून म्हणतो, मालवणच्या निळ्या पाण्यात उभं राहून शार्क शोधण्यापेक्षा नदीच्या तोंडाशी, पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात, तिन्हीसांजेला बोर्डावरून पाय सोडून बसू नये, हे सांगणं जास्त उपयोगाचं.

बुल शार्क नदीत जगतो कसा, याचं उत्तर मालवणच्या स्वयंपाकघरातही सापडतं. शार्क वर्गातले मासे रक्तात युरिया साठवून ठेवतात. त्यामुळे समुद्राचं खारं पाणी त्यांच्या अंगातलं पाणी शोषून नेत नाही. बाजारात टोपलीतल्या छोट्या मुशी, म्हणजे लहान शार्क, पाहाव्यात: हातभरसुद्धा लांबी नाही, राखाडी पाठ, शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं तर पॉलिशपेपरसारखी खरखरीत. मासा शिळा होऊ लागला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात आणि नाकाला झोंबणारा वास येतो. म्हणून ताजी मुशीच घ्यायची, म्हणून मुशीच्या, म्हणजेच मोरीच्या, मटणात मसाला सढळ. इतर बहुतेक शार्क गोड्या पाण्यात गेले तर त्या युरियामुळे पाणी अंगात भरत जाऊन मरतील. बुल शार्क रक्तातला युरिया कमी करतो, पातळ मूत्र भरपूर टाकतो, मीठ धरून ठेवतो आणि नदीत आरामात राहतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ पुराच्या पाण्यातून एका गोल्फ मैदानाच्या तळ्यात शिरलेले बुल शार्क तब्बल १७ वर्षं तिथं राहिले. अमेरिकेत १९३७ साली मिसिसिपी नदीत इलिनॉयमधल्या ऑल्टनपर्यंत एक गेला होता, समुद्रापासून नदीच्या वाटेनं अठराशे किलोमीटरहून अधिक.

हा आकडा वाचला की बुलढाण्याचा माणूस नकाशा काढतो. मीही काढला. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेची पूर्णा, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा, मलकापूरच्या बाजूनं वाहत चांगदेवला तापीला मिळते आणि तापी सुरतेला समुद्राला. तापीची सगळी लांबी ७२४ किलोमीटर, म्हणजे ऑल्टनच्या निम्म्या वाटेहूनही कमी. अंगच्या ताकदीवर बुल शार्कला पूर्णेपर्यंत यायला काही अडचण नव्हती. आज मात्र वाटेत काकरापारचा बंधारा आहे, १९७० च्या दशकातलं उकाई धरण आहे, वर भुसावळजवळ हतनूर आहे. एवढ्या भिंती चढून येणारा मासा अजून जन्माला यायचाय. आणि उन्हाळ्यात पूर्णेत असतं किती पाणी?

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारट लागतं, म्हणून इथं कधीकाळी समुद्र होता, असं जुनी माणसं सांगतात. ऐकायला छान वाटतं. पण खोलगट खोऱ्यात साचलेला जाड गाळ, निचरा नाही, पाऊस थोडा, यानंही क्षार साठत जातात. त्यासाठी समुद्राची गरज नाही. लोणारचं पाणी खारं आहे म्हणून तिथं शार्क सोडला तर, असं एका शाळकरी मुलानं मला विचारलं होतं. प्रश्न भारी होता. पण लोणारचं पाणी नुसतं खारं नाही, जबर अल्कधर्मी आहे: समुद्राचा सामू आठच्या जरा वर, लोणारचा दहाच्या आसपास. शार्कचे कल्ले तिथं टिकायचे नाहीत. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याचं कारण मिठात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत गेलं. अभयारण्य आहे, तिथं बोर्ड नको आणि शीडही नको.

समुद्रात तरी मुशी कितीशी उरलीय? २०२१ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार खुल्या समुद्रातले शार्क आणि वाघळी १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटले. शार्क पकडणाऱ्या देशांत भारत अगदी वरच्या रांगेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकला २६६ सेंटिमीटर लांबीची गंगा शार्कची मादी आली. ही जात इतकी दुर्मीळ की जगभरच्या अभ्यासकांनी त्या एका मेलेल्या माशाची दखल घेतली. मराठी माणसाची आणि शार्कची भेट बहुतेक वेळा अशी होते, लिलावाच्या फरशीवर.

हे बोर्डावरचे खेळ शिकायला समुद्रच लागतो असंही नाही. हँगझो इथं २०२३ साली झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ईबाद अलीनं विंडसर्फिंगचं कांस्य मिळवलं. त्याच स्पर्धेत शिडाच्या छोट्या होडीत रौप्य मिळवणारी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर, राष्ट्रीय सेलिंग स्कूलमध्ये घडलेली. देऊळगाव राजाजवळचं खडकपूर्णेचं पाणी, म्हणजे संत चोखासागर, किंवा मोताळ्याकडचं नळगंगा धरण आषाढातल्या वाऱ्यात पाहिलं की वाटतं, आमच्याकडे काय कमी आहे? परवानगी, प्रशिक्षक आणि बचावाची नाव, हे तिन्ही कमी आहे, हे खरं. तिथं बोर्डाखाली असतात ती धरण भरताना बुडालेली बाभळीची खोडं आणि भोई बांधवांनी रात्री टाकलेली जाळी. बोर्डाच्या मागचं पातं जाळ्यात अडकलं की वल्हं मारणारा तोल जाऊन पडतो, आणि घोट्याला बांधलेली बोर्डाची दोरीही त्याच जाळ्यात गुंतू शकते. वाहत्या किंवा अडथळ्याच्या पाण्यात ती दोरी घोट्याला न बांधता कमरेला, एका झटक्यात सुटेल अशा पट्ट्याला बांधतात. लाइफ जॅकेट फोटोसाठी काढून ठेवायचं नसतं. आणि जाळं कुठं टाकलंय हे पाण्यात उतरण्याआधी भोयांनाच विचारायचं असतं, त्यांना ते चोख ठाऊक असतं.