वानखेडेच्या शेजारची फायनल

‘फायनल? कसली फायनल?’ बॉसने चष्म्यावरून बघत विचारलं.

‘हॉकीची, सर.’

त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला मराठीत कीव म्हणतात. आयपीएल दोन दिवसांवर आलेलं आणि हा पठ्ठ्या हॉकीसाठी हाफ डे मागतोय! पण मिळाला. २ एप्रिल २०१२, सोमवार. नाशिकरोडहून दुपारची गाडी पकडून मी थेट मुंबई गाठली.

वर्ल्ड सिरीज हॉकी आठवते का? नसेल आठवत तर तुमचा दोष नाही. २९ फेब्रुवारीला सुरू झालेली ही प्रोफेशनल लीग. आठ टीम्स, ५९ मॅचेस आणि साडेसतरा मिनिटांचे चार क्वार्टर्स. महाराष्ट्राच्या दोन टीम्स होत्या, मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स. नाशिकची टीम नव्हतीच, त्यामुळे आम्ही जो पुढे जाईल त्याचे. पुणे फायनलला गेलं आणि मी रातोरात पुणेकर झालो (घरी सांगितलं नाही!). खडकीचा धनराज पिल्ले ४३ व्या वर्षीही मैदानात होता, पण कर्नाटक लायन्सकडून. ही रुखरुख होतीच.

महिंद्रा स्टेडियम चर्चगेटजवळ, वानखेडेच्या अगदी शेजारी. बरोबर एक वर्षापूर्वी, याच तारखेला, पलीकडे धोनीने सिक्स मारून वर्ल्ड कप आणला होता. त्या रात्री अख्खा देश रस्त्यावर होता. आणि आज मी, नाशिकहून एकटाच.

मॅचचं थोडक्यात सांगतो, कारण दुखतं. शेर-ए-पंजाब ५, पुणे २.

पण खरी बाजी स्कोअरबोर्डवर नव्हतीच. लीग भरवली होती इंडियन हॉकी फेडरेशन आणि निम्बसने. हॉकी इंडियाला ती मान्य नव्हती, आंतरराष्ट्रीय फेडरेशनलाही नाही. म्हणजे इथे खेळायचं तर भारताच्या टीमवर पाणी सोडायची तयारी ठेवायची. तेही कधी? लीग सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी भारताने दिल्लीत फ्रान्सला ८-१ हरवून लंडन ऑलिम्पिकचं तिकीट मिळवलेलं! २०१० च्या वर्ल्ड कपमधला आपला कॅप्टन राजपाल सिंग दिल्ली विझार्ड्सकडून खेळला. आपण साधा जॉब बदलताना नोटीस पीरियडचा दहादा हिशोब करतो. या लोकांनी ऑलिम्पिक डावावर लावलं. काहींना हा हावरटपणा वाटला. मला नाही वाटत. स्टिकच्या जोरावर घर चालवायची संधी खेळाडूला किती वेळा मिळते?

लंडनमध्ये भारत बारावा, म्हणजे शेवटचा आला. वर्ल्ड सिरीजचा दुसरा सीझन आधी पुढे ढकलला गेला आणि मग झालाच नाही. २०१३ मध्ये हॉकी इंडियाने स्वतःची लीग काढली. आणि ज्या चार क्वार्टर्सना जुने हॉकीवाले नाकं मुरडायचे, ते २०१४ पासून पंधरा मिनिटांचे होऊन जगभर आले.

तर, रात्रीच्या गाडीने परत, डोळे चोळत सकाळी ऑफिसात.

‘काय, कोण जिंकलं?’ बॉस.

‘पंजाब.’

‘पंजाब?’ ते गोंधळले. ‘अरे, पण आयपीएल तर उद्यापासून आहे ना?’