सुरगाण्याच्या ताटाची नोंद कोण घेणार?

सप्टेंबर हा पीसीओएस या पाळी अनियमित करणाऱ्या संप्रेरक-विकाराविषयीच्या जागृतीचा महिना म्हणून पाळला जाऊ लागल्यापासून, दर पाच स्त्रियांमागे एकीला हा विकार असल्याचा मथळा वाचकांच्या परिचयाचा झाला आहे. परंतु 2024 च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झालेल्या ज्या देशव्यापी पाहणीचा आधार त्याला दिला जातो, तिच्यातच एका निकषाने 19.6 टक्के आणि दुसऱ्या, अधिक कडक निकषाने 7.2 टक्के असे भिन्न आकडे आले आहेत, ही बाब मथळ्यात मावत नाही. निदानाचाच प्रश्न जेथे इतका विवाद्य, तेथे ‘अमुक खा, तमुक वर्ज्य करा’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांचा सुळसुळाट व्हावा यात नवल नाही. म्हणूनच आहाराच्या प्रश्नाचा निवाडा शिस्तबद्ध अभ्यासाने झाला पाहिजे, आणि त्या अभ्यासात नाशिक जिल्ह्यातील सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यातील स्त्रियांना मानाने स्थान मिळाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोनाश विद्यापीठाच्या प्राध्यापिका हेलेना टीड यांच्या नेतृत्वाखाली 2023 मध्ये जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सिद्ध झाली, त्यांत पीसीओएससाठी कोणताही एक विशिष्ट आहार दुसऱ्याहून श्रेष्ठ असल्याचा पुरावा नाही, असे नि:संदिग्धपणे म्हटले आहे. याचे कारण अभ्यासांच्या घडणीत आहे. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणाला आणि बनावट कोणाला हे लपवता येते. भाकरी लपवता येत नाही. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले, तरी आपल्या ताटात काय आले हे प्रत्येकीला दिसतेच. त्यातच बहुतेक प्रयोग थोड्या स्त्रियांवर आणि थोडे महिनेच चाललेले, मग त्यांतून ठाम निष्कर्ष निघावा कसा?

सुरगाण्याचे ताट या प्रश्नाला वेगळेच वळण देते. कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या या डोंगराळ मुलखात राब भाजून नागली पेरायची, पाऊस लागला की रोपे उपटून उतारावर लावायची, आणि वर्षभर तिची काळसर भाकर उडदाच्या डाळीशी किंवा खुरासणीच्या चटणीशी खायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तंतूही भरपूर असतात. पण आता त्याच घरात रेशनचा तांदूळ आणि गहू येतो. दिवाळीनंतर कुटुंबे द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरली की चुलीवर काय शिजते, ते मुकादमाकडून मिळणाऱ्या उचलीवर आणि जवळच्या दुकानावर ठरते. पारंपरिक आणि बदलता असे दोन्ही आहार एकाच घरात, एकाच वर्षात सापडावेत, अशी संधी आहारशास्त्राला क्वचितच लाभते.

आणि धोकाही येथेच आहे. पाळी अनियमित होण्याचे कारण पीसीओएस असू शकते, तसेच निव्वळ उपासमार आणि अतिश्रम हेही असू शकते. शहरात या विकाराच्या स्त्रीला पहिला सल्ला मिळतो तो वजन घटवण्याचा. तोच सल्ला आधीच कृश असलेल्या मुलीला दिला, तर तो अपाय ठरेल. शिवाय कृशता म्हणजे निरोगीपणा, असेही गृहीत धरता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास केला, त्यात नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून पुष्कळ हलकी, पण त्या मानाने अंगात चरबी राखून असलेली आढळली. अशा लपलेल्या चरबीमुळे शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासे होऊ शकते, आणि हाच पीसीओएसमधील एक प्रमुख बिघाड असल्यामुळे, वजनकाट्यावरचा आकडा हा येथे फसवा साक्षीदार आहे.

अभ्यास कसा करावा याचा वस्तुपाठ महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने जगाच्या आरोग्यधोरणाचे लक्ष प्रसूती आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे वळवले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. ज्या गोष्टी नवऱ्यापाशी वा सासूपाशी उच्चारण्याची सोय नव्हती, त्या या बायकांनी सांगितल्या. कारण विचारणारी स्वत: स्त्री होती, त्यांच्याच मुलखात राहत होती, आणि माहिती गोळा होताच गाशा गुंडाळून जाणारी नव्हती. संशोधनाचे पहिले साधन विश्वास हेच होय, हे राणीताईंच्या कार्याने सिद्ध केले, आणि माझ्या मते ते कोणत्याही रक्तचाचणीहून मोलाचे आहे.

उलट उदाहरणही विसरता येत नाही. 2009 मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा जो प्रकल्प राबवला गेला, त्यात वसतिगृहातील अनेक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी अधीक्षकांच्या सह्या होत्या. काही मुलींचे मृत्यू लशीमुळे झाले नसल्याचे चौकशीत निष्पन्न झाले, तरी संमतीच्या प्रक्रियेवर कडक ताशेरे ओढले गेले आणि 2010 मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. आश्रमशाळांच्या सुरगाण्याने हा धडा ध्यानी ठेवावा. अभ्यासात नाव घालण्यापूर्वी प्रत्येकीने विचारावे: माझ्या रक्ताचे काय करणार? निष्कर्ष मला सांगणार का? तपासणीसाठी बुडालेल्या दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे कोण देणार? मधेच सोडले तर माझे उपचार बंद होतील का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच असले पाहिजे; भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची नीतितत्त्वे तसा हक्कच देतात.

अडचणी दुर्लंघ्य नाहीत. 2023 च्या तत्त्वांनुसार प्रौढ स्त्रीच्या निदानात सोनोग्राफीऐवजी एएमएच या रक्तातील द्रव्याची मोजणीही चालते. म्हणजे त्या तपासणीपुरता बाईला नाशिकचा हेलपाटा घालण्याऐवजी तिच्या रक्ताची नळी पाठवता येईल. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने डहाणूसारख्या आदिवासी भागात संशोधनकेंद्र चालवले आहे. तशीच तजवीज सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात व्हावी. तेथील आशा कार्यकर्त्यांना पुरेसा मेहनताना मिळावा, प्रश्नावली कोकणी आणि वारली बोलीत विचारली जावी, आणि नागलीला औषध म्हणून मिरवण्याऐवजी अन्न म्हणून तोलले जावे. नागलीने पाळी सुधारली नाही असे निष्पन्न झाले, तरी तो निष्कर्ष प्रथम गावसभेत वाचून दाखवला जावा. कारण ज्यांच्या रक्तातून आणि ताटातून ज्ञान निर्माण होते, त्यांचा त्यावरील अधिकार पहिला आहे.