काळी रायफल रानात का दिसते?

मलकापुरातून बोलतोय. साताऱ्यात गावोगावी फौजी, त्यामुळे हा प्रश्न येतोच: स्प्रे मारून रायफल लपते का? लपते. रानात सरळ काळी रेघ सहसा नसते, म्हणून डोळा तीच आधी पकडतो. ती रेघ तोडायची, एवढंच काम. फौजेत नळीला गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळतात, त्या याचसाठी.

एअर रायफल असेल तर आधी तेल पुसा. नळीचं तोंड, ट्रिगर, दुर्बिणीच्या काचा टेपने झाका. मग मॅट खाकी; वाळला की गवताच्या काड्या वर ठेवून तपकिरी, हिरवा. चकाकणारा रंग नकोच, उन्हात लांबून दिसतो.

पण हिरवा किती? आपला आगाशिवचा डोंगर बघा ना. ऑगस्टमध्ये हिरवागार, मार्चमध्ये वाळून पिवळा. पावसाळी रायफल उन्हाळ्यात उठून दिसणार. मी तर पट्ट्याच बांधेन, बदलता येतात.

लायसन्सच्या बंदुकीचा नंबर मात्र रंगाखाली घालवू नका. बंदुकीवरची ओळखखूण पुसायला किंवा बदलायला १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदी आहे. आणि एअरगनने रानपाखरं मारायचा बेत असेल, तर १९७२ चा वन्यजीव कायदा आधी वाचा.