गॅलरीला तपकिरी लूक द्यायचाय? मग आधी सेवाग्रामची ओसरी समजून घ्या

इन्स्टाग्राम उघडलं की हल्ली गॅलरी सजवण्याच्या रील्स हमखास समोर येतात. एका भिंतीवर गडद कॉफी रंगाचं पट्ट्यापट्ट्यांचं पॅनेल, वर त्याच रंगाचं छत, खाली लाकडासारखी दिसणारी टाइल, कोपऱ्यात वेताचा झोपाळा आणि समोर आडवी सरकणारी काच. फोटोत हे सगळं झकास दिसतं.

अडचण उन्हाळ्यात येते. हीच गॅलरी वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वीत पश्चिमेच्या तोंडाला केली, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झेपावतो तेव्हा तिची भट्टी होते. संध्याकाळी सातलाही तिथं बसवत नाही. वर मागच्या खोलीलाही झळ लागते ती वेगळीच.

मग वर्ध्यासारख्या ठिकाणी तपकिरी रंगाची गॅलरी करूच नये का? खुशाल करावी. फक्त हा रंग कुठे द्यायचा, कशातून आणायचा आणि वारा कुठून खेळवायचा, एवढं आधी ठरवायला हवं. याचं उत्तम उदाहरण वर्धा शहरापासून साधारण ८ किलोमीटरवर उभं आहे.

सेवाग्राममध्ये नेमकं काय बघायचं?

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून महात्मा गांधी १९३४ मध्ये वर्ध्याला आले आणि एप्रिल १९३६ मध्ये जवळच्या सेगाव या खेड्यात राहायला गेले. याच सेगावचं नाव १९४० मध्ये सेवाग्राम झालं. आश्रमातलं पहिलं घर म्हणजे आदी निवास. आज आपण जिला बापू कुटी म्हणतो, ती मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी उभारली होती. नंतर तिच्यात वाढ करून गांधीजी तिथं राहू लागले.

दोन्ही घरांचं सामान आसपासच्या गावात मिळणारंच. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू. बापू कुटीच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीतच ताडाची झाडं आणि ॐ उठवले आहेत. वेगळी सजावट म्हणावी तर तेवढीच.

आता गॅलरीच्या नजरेनं या घराकडे बघा. खोलीच्या भिंतीवर थेट ऊन येऊ नये म्हणून बाहेरून ओसरी आहे. ओसरीवरचं छप्पर खाली उतरलेलं आहे, म्हणजे दुपारचं तिरपं ऊन आत फार खोलवर शिरत नाही. छपराच्या कवेलूंमध्ये बारीक फटी असतात, त्यांतून वर साठलेली गरम हवा निघून जाते. लाकूड आणि बांबूचा तपकिरी रंग सावलीत आहे. भिंती मात्र मातीनं लिंपलेल्या आणि फिक्या आहेत.

थोडक्यात, तपकिरी रंग सावलीत, फिका रंग भिंतीवर आणि हवेला वाट मोकळी. फ्लॅटच्या गॅलरीतही हेच तीन नियम चालतात.

तपकिरी रंगाची एक गंमत

इंद्रधनुष्यात तपकिरी रंग कधी दिसलाय का? दिसणारच नाही, कारण तपकिरी म्हणजे कमी उजेडाचा नारिंगी. आजूबाजूला त्याच्यापेक्षा उजळ काहीतरी असेल, तरच आपले डोळे त्याला तपकिरी म्हणून ओळखतात.

सजावटीच्या दृष्टीनं ही माहिती फार कामाची आहे. भिंत, छत, फरशी आणि फर्निचर सगळंच गडद तपकिरी केलं, तर संध्याकाळी ती गॅलरी काळपट दिसते. त्याच गॅलरीत एखादी मलई किंवा बदामी रंगाची भिंत ठेवली, की तिच्यासमोरचं सागवान एकदम उठून दिसतं. म्हणून मोठा भाग फिका, मधला भाग मध्यम तपकिरी आणि गडद रंग अगदी मोजका, असं प्रमाण ठेवा.

दुसरं कारण उष्णतेचं. फिका रंग उन्हाचा मोठा भाग परत फेकतो, गडद रंग तो शोषून घेतो. काँक्रीटची भिंत दिवसभर तापते आणि ती उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहते. त्यामुळे जिथं थेट ऊन पडतं तिथं गडद तपकिरी नकोच. तो सावलीतल्या भिंतीला, खुर्चीला, शेल्फला द्या.

आधी दिशा बघा, मग रंग

वर्धा साधारण पावणेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळपास थेट डोक्यावर असतो. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे झुकतो आणि डिसेंबरच्या दुपारी क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवरच असतो. यातून चारही दिशांचा हिशोब मांडता येतो.

दक्षिणेची गॅलरी: भर उन्हाळ्यात दुपारी वरचा स्लॅबच सावली देतो, हिवाळ्यात मात्र छान कोवळं ऊन आत येतं. तपकिरी सजावटीला ही सगळ्यात सोयीची जागा.

पूर्वेची गॅलरी: सकाळचं ऊन, नंतर सावली. मध्यम तपकिरी चालतो.

उत्तरेची गॅलरी: वर्षाचा बराच काळ सावली असते. इथं गडद रंग चालेल, पण उजेड कमी असल्यानं भिंती फिक्या हव्यात.

पश्चिमेची गॅलरी: खरी परीक्षा इथं. दुपारनंतरचं ऊन तिरपं, थेट आत येतं आणि वरचा स्लॅब ते अडवू शकत नाही. इथं सजावटीआधी बाहेरच्या बाजूला पडदा किंवा ताटी हवी. ऊन काचेच्या किंवा खोलीच्या आत येण्याआधीच अडवलं तर फायदा. आत आल्यावर पडदा ओढला तर उष्णता तोवर घरात शिरलेली असते.

काच लावून गॅलरी बंद करावी का?

धूळ, कबुतरं आणि पावसाच्या सरींना कंटाळून अनेक जण गॅलरीला सरकती काच लावतात. काचेतून ऊन आत येतं, त्यानं आतल्या वस्तू तापतात, पण त्यांची उष्णता काचेतून तेवढ्या सहज बाहेर पडत नाही. बंद गाडी उन्हात उभी केल्यावर जे होतं, तेच इथं होतं. त्यात आतलं पॅनेल गडद असेल तर विचारूच नका.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे कूलर. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो. पाण्याची वाफ होताना हवा थंड होते. त्यासाठी मागून कोरडी हवा मिळायला हवी आणि खोलीतली दमट हवा दुसऱ्या बाजूनं बाहेर जायला हवी. काचबंद गॅलरीत कूलर ठेवला की त्याला ताजी हवा मिळत नाही. तो तीच दमट हवा फिरवत बसतो आणि घरात नुसता घामट दमटपणा भरतो.

काच लावायचीच असेल तर निदान अर्धा भाग पूर्ण उघडता येईल अशी लावा आणि गरम हवा निघायला वरच्या बाजूला झरोका ठेवा. छतावर नुसता टिनाचा पत्रा असेल, तर त्याखाली थोडी जागा सोडून बांबूची ताटी बसवा. मधली हवा खेळती राहिली की पत्र्याची झळ थेट डोक्यावर येत नाही, आणि वर बघितल्यावर तपकिरी छतही मिळतं.

तपकिरी रंग कोणत्या वस्तूंतून आणायचा?

बाजारात तपकिरी दिसणारी प्लास्टिकची पॅनेल भरपूर मिळतात. पण उन्हात काही वर्षांत त्यांचा रंग फिका पडू शकतो आणि स्वस्तातली पॅनेल वाकतात. त्यापेक्षा ज्यांचा मूळ रंगच तपकिरी आहे अशा वस्तू निवडा. त्या जुन्या झाल्या तरी वाईट दिसत नाहीत.

बांबू: ताट्या, चिका, टोपल्या, दिव्यांचे झाकण, सगळं बुरुडांकडून मापानुसार करून घेता येतं. बांबूत पिष्ट असतं, म्हणून त्याला भुंगा लागतो. घेताना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया केलेला आहे का, ते विचारा. वर्ध्याजवळ दत्तपूर इथं असलेली सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस ही संस्था स्वस्त आणि स्थानिक साहित्याच्या बांधकामावर अनेक वर्षं काम करते आहे. या विषयात रस असेल तर तिथलं काम बघण्यासारखं आहे.

सागवान: नवं महाग पडतं. पण जुनी घरं पाडताना निघालेले दरवाजे, चौकटी आणि तुळया जुन्या लाकडाच्या दुकानात मिळतात. एका जुन्या फळीचं बाकडं झालं तरी गॅलरीचा नूर पालटतो. लाकडाला जवसाचं तेल चोळलं की रंग खुलतो. एक सावधगिरी मात्र पाळा. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून टाकून देऊ नका. ते हवेशी संयोग होऊन आपोआप तापतात आणि पेटू शकतात. ते पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

माती: कुंड्या, रांजण, टेराकोटाच्या टाइल. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून मुळं थंड राहतात, पण झाडांना पाणी जास्त वेळा घालावं लागतं. टेराकोटाची टाइल पाणी शोषते, त्यामुळे पावसाचे शिंतोडे येत असतील तिथं तिच्यावर शेवाळ धरतं. अशी जागा असेल तर सीलर मारून घ्या.

काव आणि रामरज: काव म्हणजे गेरू, रामरज म्हणजे पिवळी माती. दोघांचाही रंग लोहाच्या संयुगांमुळे. चुन्यात थोडी काव आणि थोडी रामरज मिसळली की बदामीपासून विटकरीपर्यंतच्या छटा मिळतात. आधी ॲक्रिलिक किंवा ऑइल पेंट मारलेल्या भिंतीवर चुना नीट धरत नाही, तो रंग खरवडून काढावा लागतो. काँक्रीटच्या फरशीवर शेणामातीचं सारवण मात्र करू नका. ते टिकत नाही, पापुद्रे निघतात.

वाळा: पश्चिमेच्या गॅलरीसाठी याला तोड नाही. वाळ्याची ताटी मुळातच तपकिरी, पाणी मारलं की हवा गार आणि वास वेगळाच. मात्र हे काम कोरड्या उन्हाळ्यातच होतं. पावसाळ्यात हवेतच ओलावा असल्यानं गारवा मिळत नाही, उलट ताटीला बुरशी येते.

कापड: वर्धा हा कापसाचा आणि खादीचा जिल्हा. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते झालं होतं, आणि नैसर्गिक रंगांतल्या खादीसाठी आजही त्याचं नाव घेतलं जातं. पानात खातो त्या कातापासून कापडाला सुंदर तपकिरी रंग येतो. कातरंगी उशीचे अभ्रे आणि न रंगवलेल्या सुती कापडाचा पडदा ही जोडी फिक्या भिंतीसमोर सुरेख दिसते.

दिवा कोणता लावायचा?

पांढऱ्या निळसर प्रकाशात तपकिरी रंग राखाडी आणि मरगळलेला दिसतो. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावा. हा आकडा बल्बच्या खोक्यावर छापलेला असतो. छतावर एकच मोठा दिवा लावण्यापेक्षा भिंतीकडे तोंड केलेले दोन छोटे दिवे बरे, म्हणजे मागची फिकी भिंत उजळते आणि समोरचं लाकूड, बांबू उठून दिसतात.

जागा छोटी आहे, मग?

विचारवंत इव्हान इलिच १९७८ मध्ये सेवाग्रामला आले होते. बापू कुटीवरच्या आपल्या भाषणात त्यांनी एक साधी गोष्ट टिपली. या लहानशा घरात सात प्रकारच्या जागा आहेत आणि सुरुवात होते चपला काढून ठेवण्याच्या जागेपासून. प्रत्येक जागेला स्वतःचं काम आहे.

चार बाय दहा फुटांच्या गॅलरीतही हे जमतं. एका टोकाला बसायचं बाकडं, त्याच्या आत सामानाचा कप्पा. दुसऱ्या टोकाला कुंड्या. मध्ये कपडे वाळत घालायची, वर ओढून घेता येणारी दांडी. आणि कूलरची जागा आधीच राखून ठेवलेली. सजावट या कामांभोवती करा. रीलमधल्या गॅलरीत कपडे वाळत नसतात, आपल्या गॅलरीत वाळतात.

दोन गोष्टी विसरू नका

पहिली वजनाची. एक घनफूट ओली माती साधारण ४५ ते ५० किलो भरते. मोठ्या कुंड्या कठड्याच्या टोकाला रांगेत मांडू नका, घराच्या भिंतीलगत ठेवा. झोपाळ्याचा हुक स्लॅबमध्ये ठोकण्याआधी अभियंत्याला विचारा.

दुसरी परवानगीची. काच, पत्रा किंवा ग्रिल लावून गॅलरी बंद करणं हा बांधकामातला बदल ठरू शकतो. सोसायटी आणि नगर परिषदेकडे आधी चौकशी करा, पैसे नंतर खर्च करा.

थोडक्यात सांगायचं तर

– थेट उन्हाच्या भिंतीवर फिका रंग, सावलीत तपकिरी.
– ऊन बाहेरच अडवा, वारा अडवू नका.
– पॅनेलपेक्षा बांबू, माती, जुनं सागवान आणि खादी.
– काढता-घालता येईल अशी सजावट: उन्हाळ्यात वाळ्याची ताटी, पावसाळ्यात ती गुंडाळून माळ्यावर, हिवाळ्यात पडदा बाजूला आणि बाकडं उन्हात.

यातली सुरुवात फुकटात होते. खरेदीआधी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता गॅलरीचा फोटो काढा. ऊन कुठपर्यंत येतं ते तीन फोटोंत दिसेल. जिथं तिन्ही फोटोंत सावली आहे, तीच तुमच्या तपकिरी कोपऱ्याची जागा.