अंडी पांढरी का पडतात?

एंजल माशांच्या जोडीने टाकीतल्या पानावर अंडी घातली की घरातली मुले काचेला नाक लावून बसतात. दुसऱ्या दिवशी त्यातली बरीच अंडी दुधासारखी पांढरी पडतात. तिसऱ्या दिवशी त्यांवर कापसासारखी बुरशी दिसते आणि उरलेली अंडी आईबापच गिळून टाकतात. दुकानदाराचा सल्ला ठरलेला असतो : निळे औषध टाका.

हे निळे औषध म्हणजे मेथिलिन ब्लू. १८७६ साली कापड रंगवण्यासाठी ते तयार झाले आणि १८९१ मध्ये पॉल एर्लिच यांनी हिवतापाच्या रुग्णांना ते देऊन पाहिले. काही विषबाधांमध्ये रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, तेव्हा रुग्णालयात आजही ते शिरेतून देतात. अंड्यांच्या पाण्यात त्याचे काम मर्यादित आहे. पांढरे पडलेले अंडे बहुधा फळलेलेच नसते किंवा आधीच मेलेले असते. बुरशी नंतर येते आणि शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. औषध फार तर हा शेजार वाचवते.

अंडे जगते ते प्राणवायूवर. त्याला कल्ले नसतात. कवचातून झिरपेल तेवढाच प्राणवायू आतल्या जिवाला मिळतो. म्हणून एंजलची जोडी परांनी अंड्यांवर सतत वारा घालते आणि मेलेली अंडी तोंडाने वेचून काढते. अंडी वेगळ्या भांड्यात काढली, तर ही दोन्ही कामे माणसाला करावी लागतात : जवळ हवेचे बारीक बुडबुडे सोडायचे आणि पांढरी अंडी ड्रॉपरने उचलायची. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. उलट पाणी तापले की गर्भाची गरज वाढते. भंडाऱ्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो त्या दिवसांत हा हट्ट न धरलेलाच बरा. २७-२८ अंशांना एंजलची पिल्ले दोन-अडीच दिवसांत बाहेर येतात. पुढचे चार-पाच दिवस ती पोटाशी असलेल्या बलकावर जगतात, त्या काळात खाणे टाकले तर फक्त पाणी नासते.

पाण्यातल्या वनस्पती किती मोलाच्या, हे या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. भंडारा आणि १९९९ पर्यंत त्याचाच भाग असलेला गोंदिया हा तलावांचा मुलूख. रोहू, कतला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. हिरालाल चौधरी यांनी १९५७ मध्ये ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण करून दाखवली, तेव्हापासून त्यांचे बीज केंद्रांतून आणता येऊ लागले. तलावातल्या अनेक लहान देशी माशांना मात्र पाणवनस्पतींचा आडोसा लागतो. माजी मालगुजारी तलावांत बेशरम माजली, पाण्याखालच्या वनस्पती गेल्या, तसे हे मासेही कमी झाले. मनीष राजनकर यांचे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांनी काही तलावांत बेशरम उपटली, कोरडा तळ नांगरला आणि हायड्रिला, व्हॅलिसनेरियासारख्या वनस्पती लावल्या. तिथे देशी मासे परत दिसू लागले. काट्यासकट खाल्लेल्या लहान माशांतून कॅल्शियम मिळते, हे गरीब घरातल्या गरोदर बाईसाठी थोडेथोडके नाही. मासळीच्या दुकानात शोभेसाठी मिळतात त्या याच दोन वनस्पती. झेब्रा दानियोसारखे मासे अंडी विखरून टाकतात आणि स्वतःच ती खातात. त्यांच्या टाकीत हायड्रिलाचा दाट गुच्छ असला, तर काही अंडी तरी वाचतात.

डॉक्टरांच्या दृष्टीने दोन गोष्टी. निळे औषध हाताळताना हातमोजे घालावेत आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. जी-६-पीडीची कमतरता असलेल्यांनी ते पोटात घेतले, तर तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. दुसरे, हाताला जखम असताना टाकी साफ करू नये. अशा पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियम मरिनम या जंतूने बोटावर हळूहळू वाढणारी गाठ येते. साध्या प्रतिजैविकाने ती हटत नाही, उपचार कित्येक महिने चालतो. अशी गाठ दाखवताना घरात माशांची टाकी आहे हे आवर्जून सांगावे.

आणि पिल्ले जास्त झालीच, तर ती दुकानात परत द्यावीत किंवा ओळखीच्यांना वाटावीत. गावच्या तलावात सोडू नयेत. तिथे ती देशी माशांची अंडी खातात.