एअर फोर्स वन : मैदानातला बूट रोजच्या पायात

नायकी कंपनीचा ‘एअर फोर्स वन’ हा बूट १९८२ साली बास्केटबॉलसाठी बाजारात आला. त्याची रचना ब्रूस किलगोर यांची. तळात हवेची बंद पिशवी असलेला हा नायकीचा पहिला बास्केटबॉल बूट. उडीनंतर टाचेला बसणारा हादरा ही पिशवी झेलते. मोझेस मलोनसारखे खेळाडू तो घालून एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत खेळले. पुढे खेळासाठी हलके बूट निघाले, पण अमेरिकेतल्याच बाल्टिमोर शहरातल्या दुकानदारांनी नवनव्या रंगांत जोड मागवून त्याची मागणी टिकवली आणि हा बूट रस्त्यावर रुळला.

मैदानासाठी केलेली रचनाच रोजच्या वापरातले त्याचे गुणदोष ठरवते. रबराचा जाड तळ वाटीसारखा कडेने वर येतो आणि वरच्या चामड्याला शिवलेला असतो, त्यामुळे तो सहजासहजी उकलत नाही. चवड्याखालची वर्तुळाकार नक्षी एका पायावर गिरकी घेण्यासाठी आहे. तळ रुंद आणि स्थिर असल्याने बराच वेळ उभे राहणाऱ्यांना आधार वाटतो. मात्र बूट वजनदार आहे. लांब चालताना ते वजन जाणवते. धावण्यासाठी तर तो घेऊच नये.

नवे चामडे सुरुवातीला ताठ असते, वापराने ते मऊ पडते. पुढच्या भागावरच्या छिद्रांतून थोडी हवा खेळते, तरी उन्हाळ्यात जाळीच्या बुटापेक्षा पाय जास्त तापतो. चवडा वाकतो तिथे सुरकुत्या पडतात, त्या टळत नाहीत. माप बहुतेकांना किंचित मोठे होते. म्हणून नेहमीचे मोजे घालून अर्धा नंबर लहान जोडही घालून पाहावा, शक्यतो संध्याकाळी, कारण तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात.

घोट्याखाली संपणारा पांढरा जोड जीन्सपासून साध्या सुती पँटपर्यंत बहुतेक कपड्यांवर शोभतो. निमुळत्या पँटखाली जाड तळ बोजड दिसतो, सरळ किंवा सैल पायाच्या पँटखाली तो नीट बसतो. पांढऱ्यावर डाग लगेच दिसतात, म्हणून ओल्या फडक्याने पुसण्याची सवय हवी. पावसात भिजल्यास आत कागद भरून सावलीत वाळवावा.

टिकाऊपणा, आधार आणि देखणेपणा हवा असणाऱ्याला हा बूट रोज वापरण्याजोगा आहे. रोज मैलभर झपाझप चालणाऱ्याने मात्र हलका जोडच निवडावा.